रेडियम स्वतः उजळत नाही : रात्रीच्या सायकलीसाठी चाकावरचे दिवे आणि रिफ्लेक्टर

सांगलीतल्या सायकलच्या दुकानात गिऱ्हाईक ‘रिफ्लेक्टर द्या’ असे क्वचितच म्हणते. ते म्हणते, ‘चाकाला जरा रेडियम लावून द्या.’ गाड्यांच्या नंबरप्लेटा करून देणारी आणि चमकत्या कागदातून नावे कापून देणारी दुकानेही स्वतःला रेडियमवालेच म्हणवतात. शब्द इतका रुळला आहे की त्याच्याशी भांडण्यात अर्थ नाही, मात्र त्याने एक गैरसमज नक्की पोसला आहे. मारी आणि पिएर क्युरी यांनी १८९८ मध्ये शोधलेले रेडियम हे किरणोत्सारी मूलद्रव्य आहे. पूर्वी घड्याळाच्या तबकडीवरचे आकडे अंधारात दिसावेत म्हणून ते रंगात मिसळत असत आणि तो रंग बाहेरच्या उजेडाशिवाय रात्रभर चमकत असे. सायकलला चिकटवायच्या पट्टीत रेडियमचा कणही नसतो आणि ती स्वतः तसूभरही उजळत नाही. तिच्यावर दुसऱ्या कोणाचा तरी दिवा पडावा लागतो. त्यामुळे रात्रीच्या सायकलीवर काय लावायचे हे ठरवताना सर्वांत आधी पाहायचे ते हे, की प्रकाश कोणाचा आहे, तो कोणत्या बाजूने येतो आणि पाहणारा डोळा नेमका कुठे आहे.

हा प्रश्न आपल्या भागात केवळ हौशी सायकलपटूंचा नाही. कुपवाडच्या एमआयडीसीतून पाळी संपवून निघालेले कामगार, पहाटे दूध घालणारे, संध्याकाळच्या क्लासहून परतणारी मुले आणि व्यायामासाठी पाच वाजताच बाहेर पडणारी मंडळी असे सगळे अंधारात सायकल चालवतात. सांगली–मिरज रस्त्यावर दिव्यांच्या रांगा आहेत, पण शहर मागे पडून बुधगाव, कवलापूर किंवा तासगावच्या दिशेला लागले की दोन गावांमधला पट्टा पुष्कळदा पूर्ण काळोखाचा असतो. त्यात दिवाळीनंतर ऊसतोड सुरू झाली की रस्त्यावर डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर येतात, दोन्ही बाजूंना पुरुषभर उंचीहून वाढलेला ऊस उभा असतो आणि पाणंदीतून सडकेवर येणारी सायकल अगदी शेवटच्या क्षणापर्यंत कोणाला दिसत नाही.

प्रकाश परत फिरण्याचे तीन प्रकार असतात आणि ते वेगळे ओळखता आले तर दुकानातली निम्मी फसवणूक टळते. पांढऱ्या सदऱ्यावर झोत पडला की तो चहूबाजूंना विखुरतो, म्हणून ज्याचा दिवा आहे त्या चालकाच्या वाट्याला त्यातला अगदी थोडा प्रकाश येतो. चकचकीत क्रोमवर किंवा आरशावर पडलेला झोत एकाच दिशेला जातो, पण ती दिशा बहुतेक वेळा चालकाची नसते. त्यामुळे चकाकणारे मडगार्ड दिवसा कितीही शोभले तरी रात्री जवळजवळ निरुपयोगी ठरते. रिफ्लेक्टरचे काम या दोहोंपेक्षा निराळे आहे. प्रकाश जिकडून आला तिकडेच तो त्याला परत पाठवतो, मग रिफ्लेक्टर थोडा तिरपा असला तरी चालते. खोलीच्या कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन एकमेकींशी काटकोनात मिळतात. तशा कोपऱ्यात चेंडू फेकला तर तो तिन्ही बाजूंना टप्पा घेऊन साधारण फेकणाऱ्याकडेच वळतो. लाल किंवा पिवळ्या प्लास्टिकच्या रिफ्लेक्टरच्या पाठीमागे असे शेकडो बारीक कोपरे साच्यातून घडवलेले असतात. अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी १९६९ मध्ये चंद्रावर ठेवलेल्या चौकटीतही असेच १०० काचेचे कोपरे बसवलेले आहेत, आणि पृथ्वीवरून सोडलेला लेसर त्यांवरून परतायला किती वेळ लागतो हे मोजून चंद्राचे अंतर आजही काढले जाते. सुमारे ३,८४,००० किलोमीटरवरून परत येणारा तो प्रकाश आणि सायकलच्या मागच्या मडगार्डावरची लाल डबी यांच्यामागचे तत्त्व एकच आहे.

चिकटवायच्या पट्टीत बहुधा कोपऱ्यांऐवजी काचेचे सूक्ष्म मणी असतात. प्रकाश मण्यात शिरताना वळतो, मण्याच्या मागच्या पृष्ठाजवळ एकवटतो, तिथल्या चकाकत्या थरावर आपटतो आणि आल्या वाटेने बाहेर पडतो. इंग्लंडमधल्या पर्सी शॉ यांनी १९३४ मध्ये रस्त्यात बसवायच्या ज्या ‘मांजराच्या डोळ्यां’चे पेटंट घेतले, त्यांतही काचेचीच करामत होती. चांगल्या प्रतीच्या पट्ट्यांत मण्यांऐवजी कोपरेही येतात. जवळून पाहिल्यावर पट्टीवर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी किंवा चौकड्यांची बारीक नक्षी दिसली तर ती बहुधा या जातीची असते.

खरे-खोटे पारखायला फक्त मोबाइलची टॉर्च लागते. टॉर्च कानशिलाला, म्हणजे डोळ्याच्या अगदी शेजारी धरावी आणि पंधरा-वीस पावलांवरून रिफ्लेक्टरकडे पाहावे. अस्सल माल दिव्यासारखा पेटलेला दिसतो. मग टॉर्च हात लांब करून बाजूला न्यावी. अस्सल रिफ्लेक्टर तात्काळ विझल्यासारखा होतो, कारण तो प्रकाश आता हाताकडे परत जात असतो, डोळ्याकडे नव्हे. शेवटी टॉर्च पुन्हा डोळ्याजवळ आणून रिफ्लेक्टर थोडा थोडा फिरवत न्यावा. एखाद्याच कोनात झगमगून बाकी वेळ काळा पडणारा माल म्हणजे नुसता चकचकीत मुलामा दिलेले प्लास्टिक समजावे. केंद्र सरकारने सायकलींच्या रिफ्लेक्टरसाठी २०२० मध्ये गुणवत्ता नियंत्रण आदेश काढलेला आहे आणि त्यानुसार हा माल भारतीय मानकाला उतरणे अपेक्षित आहे, म्हणून वेष्टनावर मानकाची खूण शोधावी. पण सुटा माल विकत घेताना टॉर्चची परीक्षा टाळू नये.

याच परीक्षेतून आणखी एक गोष्ट ध्यानात येते, ती म्हणजे रस्त्यावरच्या खांबांच्या दिव्यांचा रिफ्लेक्टरला काही उपयोग नसतो. खांबावरून आलेला प्रकाश तो खांबाकडेच परत पाठवतो. उजेडाच्या रस्त्यावर चालकाला सायकल दिसते ती कपड्यांवरून आणि सांगाड्यावरून विखुरलेल्या प्रकाशामुळे, आणि म्हणून शहरात फिकट रंगाचा सदरा खरोखर कामाला येतो. रात्री घातलेल्या नुसत्या भडक पोपटी जाकिटाचा मात्र अशा फिकट सदऱ्याहून अधिक उपयोग नसतो. तो रंग सूर्यप्रकाशातले अतिनील किरण शोषून डोळ्याला दिसणाऱ्या रंगात परत देतो, म्हणून दिवसा आणि तिन्हीसांजेला तो डोळ्यांत भरतो. मोटारीच्या दिव्यात तसे किरण नगण्य असतात. त्याच जाकिटावर रुपेरी पट्टे असतील तर गोष्ट वेगळी, पण तिथेही काम पट्टे करतात, पोपटी कापड नव्हे.

आता पाहणाऱ्याच्या डोळ्याकडे वळू. रिफ्लेक्टर प्रकाश बरोबर दिव्याकडे पाठवतो, पण चालकाचा डोळा दिव्यात नसतो, दिव्याच्या वर असतो. लहान मोटारीत हे अंतर साधारण अर्धा-पाऊण मीटर भरते. म्हणजे १०० मीटरवरून पाहिल्यास दिवा, रिफ्लेक्टर आणि डोळा यांच्यामधला कोन एक तृतीयांश अंशाच्या आसपास येतो. मालट्रकमध्ये चालक दिव्यांच्या सुमारे दीड मीटर वर बसतो आणि तोच कोन पाऊण अंशापेक्षा मोठा होतो. ऐकायला हा फरक किरकोळ वाटतो, परंतु परतणारा प्रकाश अत्यंत अरुंद शंकूत एकवटलेला असल्यामुळे मधल्या या अर्ध्या अंशात त्याचा जोर पुष्कळ घटतो. म्हणून जो रिफ्लेक्टर मोटारसायकलवाल्याला ठसठशीत दिसतो तोच उंचावर बसलेल्या ट्रकचालकाला किंवा ट्रॅक्टरवाल्याला मंद दिसू शकतो. ट्रॅक्टरचा एक दिवा बंद असणे ही आपल्याकडे नवलाची गोष्ट नाही, आणि तसे असेल तर जो प्रकाश परत यायचा तो मुळातच निम्मा होतो. रिफ्लेक्टरवर एकट्यावर विसंबू नये असे मी म्हणतो ते या हिशेबामुळे.

उंचीचा आणखी एक परिणाम सायकलवाल्याच्या फायद्याचा आहे. समोरच्याच्या डोळ्यांवर झोत येऊ नये म्हणून डिप्पर खाली झुकलेला असतो, त्यामुळे दूर अंतरावर त्याचा प्रकाश जमिनीलगतच्या वस्तूंवर आधी पडतो. पाठीवर किंवा हेल्मेटवर चिकटवलेल्या पट्टीपेक्षा चाक, पायडल आणि घोटा यांच्यावरच्या पट्टीला डिप्परचा प्रकाश अधिक मिळतो. चाकावरच्या रिफ्लेक्टरची बाजू घेण्याचे हे पहिले सबळ कारण.

पण चाक कोणाला दिसते? मागून येणाऱ्याला चाक कडेने दिसते, म्हणजे टायरच्या जाडीएवढी एक काळी रेघ, आणि तीही मडगार्डने बरीचशी झाकलेली. स्पोकला अडकवलेला रिफ्लेक्टर कितीही उंची असला तरी मागच्या मोटारीला तो शून्य दिसतो, समोरच्यालाही तेवढाच. हे इतके उघड आहे की कोणी मुद्दाम सांगत नाही, आणि त्यामुळेच चाकात रंगीत दिव्यांची माळ गुंफून मागे मात्र काहीही न लावलेल्या सायकली जागोजागी दिसतात. मोकळ्या सडकेवर वाहने बहुतांश वेळ मागून किंवा समोरून येत असतात. तिथे मागचा लाल दिवा आणि पुढचा पांढरा दिवा यांना पर्याय नाही. चाकावरच्या सगळ्या वस्तू त्यानंतरच्या आहेत.

चाक कामाला येते ते बाजूने येणाऱ्यासाठी, म्हणजे चौकात, फाट्यावर आणि रस्ता ओलांडताना. तिथेही रिफ्लेक्टर केव्हा चालतो आणि केव्हा चालत नाही याचे गणित पाहण्यासारखे आहे. समजा, एक सायकल पाणंदीतून ताशी १५ किलोमीटर वेगाने सडकेकडे येत आहे, सडकेवरून एक मोटार ताशी ६० किलोमीटर वेगाने त्याच फाट्याकडे येत आहे आणि दोघी एकाच क्षणी तिथे पोचणार आहेत. त्याआधी ३ सेकंद सायकल फाट्यापासून साडेबारा मीटरवर असते आणि मोटार ५० मीटरवर. मोटारीच्या नाकासमोरच्या रेषेपासून सायकल तेव्हा सुमारे १४ अंश बाजूला असते. डिप्परचा प्रकाश तिथवर पोचतो, पण मधल्या झोताच्या मानाने बराच विरळ होऊन. आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात, म्हणून नीट लावलेल्या डिप्परचा झोत डाव्या कडेला लांब आणि उजवीकडे आखूड ठेवलेला असतो. साहजिकच मोटारीच्या उजव्या हाताच्या पाणंदीतून येणाऱ्या सायकलीच्या वाट्याला त्याहूनही कमी प्रकाश येतो.

मोटारीचा वेग ताशी ८० किलोमीटर धरला तर हा कोन ११ अंशांच्या आत येतो आणि रिफ्लेक्टरला जास्त प्रकाश मिळतो. उलट गल्लीतून ताशी ३० किलोमीटरने येणारी मोटारसायकल धरली तर कोन सुमारे २७ अंश होतो आणि सायकल झोताच्या जवळजवळ बाहेर राहते. निष्कर्ष थोडा उफराटा आहे. वेगवान वाहनांच्या सडकेवर स्पोकचा रिफ्लेक्टर बरा चालतो, पण गावातल्या सावकाश वाहनांच्या गल्लीबोळांत तो मुका राहतो आणि तिथे स्वतः उजळणारा चाकाचा दिवाच बोलतो. सडकेवरचे समाधान मात्र फार धरू नये. ताशी ६० किलोमीटर वेगाने येणाऱ्या चालकाला दीड सेकंद भान यायला लागले तर तेवढ्यात २५ मीटर निघून जातात आणि कोरड्या रस्त्यावर साधारण ब्रेक लावून थांबायला आणखी २८ मीटरच्या आसपास अंतर लागते. म्हणजे ५० मीटरवर सायकल दिसली तरी हिशेब थोडक्यात कमीच पडतो. शिवाय मधे ऊस उभा असेल तर दिवा काय आणि रिफ्लेक्टर काय, दोन्ही आडच राहतात. अशा फाट्यावर उतरून, सायकल हातात धरून सडकेवर यावे, हे मी अनुभवाने सांगतो.

वरच्या उदाहरणात दडलेली एक बाब मला सर्वांत महत्त्वाची वाटते. दोघांचे वेग कायम राहिले तर तो १४ अंशांचा कोन शेवटपर्यंत १४ अंशच राहतो, म्हणजे मोटारीच्या काचेतून पाहताना सायकल एकाच जागी खिळलेली दिसते. जे वाहन काचेवर सरकत नाही तेच आपल्याला धडकणार असते, आणि दुर्दैव असे की मानवी डोळा न सरकणाऱ्या ठिपक्याकडे सहज दुर्लक्ष करतो. अशा वेळी त्या ठिपक्यात हालचाल आणण्याची सोय सायकलीवर एकाच ठिकाणी आयती असते, ती म्हणजे फिरणारे चाक.

फिरण्याचा पुरेपूर लाभ घ्यायचा तर वस्तू रिमजवळ बसवावी लागते. २८ इंची चाकाचा घेर सुमारे सव्वादोन मीटर असतो, म्हणून ताशी १५ किलोमीटर वेगाला ते सेकंदाला दोनपेक्षा किंचित कमी फेरे घेते. त्या फेऱ्यात रिमवरचा ठिपका जमिनीजवळ येतो तेव्हा क्षणभर थबकतो आणि माथ्यावर जातो तेव्हा सायकलीच्या जवळजवळ दुप्पट वेगाने पुढे झेपावतो. ही थबकत झेपावणारी चाल दुसऱ्या कोणत्याही वाहनाची नसते, ती पाहणाऱ्याला ‘सायकल’ म्हणूनच ओळखू येते. तोच ठिपका हबजवळ, म्हणजे चाकाच्या मध्याशी, बसवला तर तो सरळ रेषेत शांतपणे पुढे जातो आणि कशाचा ठिपका आहे ते कळत नाही. दुकानदार सोयीसाठी रिफ्लेक्टर स्पोकच्या मध्यावर किंवा हबकडे सरकवून बसवतात. तो काढून रिमकडे न्यायला सांगावे आणि दोन असतील तर समोरासमोर बसवावेत, म्हणजे चाकाचा तोलही राहतो.

एका ठिपक्याऐवजी पूर्ण वर्तुळ दिसावे असे वाटत असेल तर थोडे गणित करावे लागते. डोळ्यात प्रतिमा साधारण सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत रेंगाळते, आणि तेवढ्या वेळात वरच्या वेगाने चाक सुमारे एक पंचमांश फिरते. म्हणून व्हॉल्व्हवर लावलेला एकच दिवा वर्तुळ काढत नाही, तो एक कमान काढतो. सारख्या अंतरावर पाच-सहा दिवे लावले तर कमानी एकमेकींना भिडून कडे तयार होते. हाच परिणाम बॅटरीशिवायही साधतो. टायरच्या बगलेवर कारखान्यातच बसवलेली परावर्तक पट्टी असलेले टायर मिळतात आणि त्यांचे झोतात अखंड पांढरे कडे दिसते. जर्मनीच्या वाहतूक नियमांत प्रत्येक चाकाला दोन पिवळे स्पोक-रिफ्लेक्टर किंवा त्याऐवजी टायरवर, रिमवर किंवा स्पोकवर अशी पांढरी परावर्तक रचना चालते. स्पोकवर चढवायच्या बारीक परावर्तक नळ्याही आता सर्रास मिळतात. वजनाला त्या नगण्य असतात, खडखडत नाहीत आणि मोठ्या संख्येने लावल्या तर चाक भरगच्च उजळते. माझ्या मते एरवीच्या वापरासाठी चाकावर लावायची सर्वांत शहाणपणाची वस्तू हीच आहे. मात्र नळीचा घेर गोल असल्यामुळे तिच्या थोड्याच भागावर प्रकाश नीट पडतो, म्हणून चार-दोन लावून भागत नाही. प्रत्येक चाकाला निदान डझनभर हव्यात.

चाकाइतकीच हलणारी आणि शिवाय मागून-पुढून दिसणारी जागा म्हणजे पाय. स्वीडनच्या गुन्नार योहान्सन यांनी १९७३ मध्ये दाखवून दिले की अंधारात माणसाच्या फक्त सांध्यांवर प्रकाशाचे ठिपके लावले तरी ते हलू लागताच पाहणारा क्षणात ‘हा माणूस आहे’ हे ओळखतो. ठिपके स्थिर असताना मात्र त्याला काहीच कळत नाही. पुढे ऑस्ट्रेलियात रात्रीच्या सायकलस्वारांवर झालेल्या प्रयोगांत नुसत्या परावर्तक जाकिटापेक्षा जाकिटाच्या जोडीला घोट्याला आणि गुडघ्याला पट्ट्या असलेला सायकलस्वार चालकांनी कितीतरी अधिक वेळा ओळखला. पूर्वी पायजमा चेनमध्ये अडकू नये म्हणून घोट्याला क्लिप लावत असत. त्याच जागी परावर्तक पट्टा बांधला की दोन्ही कामे एकदम होतात. पायडलच्या पुढच्या आणि मागच्या कडेला असलेले पिवळे रिफ्लेक्टरही याच कारणाने मोलाचे आहेत. पायडल बदलताना दुकानदार बिनरिफ्लेक्टरची जोडी देत असेल तर ती घेऊ नये.

आता स्वतः उजळणाऱ्या चाकाच्या दिव्यांविषयी. सर्वांत स्वस्त दिवा व्हॉल्व्हच्या टोपीच्या जागी फिरवून बसतो आणि आतल्या स्प्रिंगमुळे हादरा बसताच पेटतो. तो मोटारसायकलसारख्या जाड आट्यांच्या व्हॉल्व्हसाठी बनवलेला असतो. आपल्या जुन्या काळ्या सायकलींच्या नळीच्या व्हॉल्व्हवर किंवा शर्यतीच्या सायकलच्या बारीक व्हॉल्व्हवर तो नीट बसत नाही आणि खड्ड्यात उडून जातो. दुसरा प्रकार स्पोकच्या मधे अडकवायच्या चपट्या दिव्यांचा, आणि तिसरा तारेवर दिवे ओवलेल्या माळेचा, ज्याची बॅटरीची डबी हबला बांधतात. याशिवाय फिरता फिरता चाकावर फुले, तारे आणि अक्षरे उमटवणारे दिवेही मिळतात. ते वर सांगितलेल्या रेंगाळणाऱ्या प्रतिमेच्याच आधारावर चालतात. करामत म्हणून ते उत्तम, पण सावकाश चालवताना चित्र तुटते आणि पाहणाऱ्याला नुसता लुकलुकाट दिसतो. मी स्वतः एका पावसाळ्याआधी अशी सातरंगी माळ हौसेने घेतली होती. पहिल्याच आठवड्यात शेजाऱ्यांनी वरात कुठे चालली म्हणून विचारले आणि तिसऱ्या आठवड्यात डबीत पाणी जाऊन ती कायमची विझली.

त्या खरेदीतून शिकलेल्या गोष्टी अशा. रंग पांढरा किंवा पिवळा घ्यावा, कारण रस्त्यावर पांढरा म्हणजे पुढची बाजू, लाल म्हणजे मागची आणि पिवळा म्हणजे कड, हा संकेत चालकांच्या अंगवळणी पडलेला असतो. पुढच्या चाकात लाल दिवा लावला तर बाजूने पाहणाऱ्याला सायकल कोणत्या दिशेला जाते आहे हेच समजत नाही, आणि निळा-लाल लुकलुकाट पोलिसांच्या किंवा रुग्णवाहिकेच्या दिव्याची आठवण करून देतो. चाक स्वतःच फिरत असल्यामुळे दिवा लुकलुकण्याची गरजही नसते, तो स्थिर ठेवावा. मागच्या दिव्याबाबतही माझा कल स्थिर प्रकाशाकडे आहे. लुकलुकणारा दिवा लक्ष लवकर वेधतो हे खरे, पण काळोखात त्याच्यावरून अंतराचा अंदाज बांधणे अवघड जाते. दोन दिवे परवडत असतील तर एक स्थिर आणि एक लुकलुकता लावावा.

पाण्यापासूनच्या संरक्षणाचा आकडा वेष्टनावर असतो. आयपीएक्स ४ म्हणजे सर्व बाजूंनी उडणारे शिंतोडे सोसणारा आणि आयपीएक्स ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास राहूनही न बिघडणारा. चाकावरच्या दिव्याला पावसाचेच नव्हे तर टायरने उडवलेल्या चिखलाचेही तोंड द्यावे लागते, म्हणून आकडाच नसलेला माल जूनपूर्वी घेऊ नये. स्पोकच्या अनेक दिव्यांत सीआर २०३२ हा नाण्यासारखा सेल असतो. तो ३ व्होल्टचा असून त्याची क्षमता सुमारे २२० मिलिअँपिअर-तास असते. दिवा १० मिलिअँपिअर ओढत असेल तर कागदावर २२ तास होतात, म्हणजे रोज तासभर सायकल चालवणाऱ्याला जेमतेम तीन आठवडे. तो हिशेब न करता घेतलेले दिवे महिन्याभरात मंद होतात आणि चालवणाऱ्याला ते कळतही नाही, कारण त्याला स्वतःचे चाक बाजूने कधी दिसत नाही. शक्य असेल तर चार्ज होणारा दिवा घ्यावा. नाण्याच्या सेलचे झाकण स्क्रूने बंद होणारे असावे, कारण लहान मुलाने असा सेल गिळला तर काही तासांतच अन्ननलिका भाजून जिवावर बेतू शकते. तशी नुसती शंका आली तरी थेट रुग्णालय गाठावे.

दिवा लावल्यावरही रिफ्लेक्टर काढून टाकू नये. आमच्या वडिलांच्या पिढीत टायरवर घासून फिरणारा बाटलीसारखा डायनामो असायचा, ६ व्होल्ट आणि ३ वॅटचा. त्याचा दिवा उतारावर झकास पेटायचा आणि उजवीकडे वळण्यासाठी रस्त्याच्या मधोमध थांबले की नेमका विझायचा. हादऱ्यावर पेटणाऱ्या आजच्या चाकाच्या दिव्यांचेही तेच आहे, थांबल्यावर काही वेळात ते मालवतात. सेल संपला, तार तुटली किंवा सायकल उभी राहिली, तर उरतो तो रिफ्लेक्टरच.

त्याची निगा मात्र कोणी राखत नाही. काळ्या मातीचा चिखल एकदा वाळला की स्पोकचा रिफ्लेक्टर आणि मातीचे ढेकूळ यांत फरक राहत नाही. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसणे पुरेसे आहे. तडा गेलेला रिफ्लेक्टर पुसूनही उपयोगाचा नसतो आणि त्यामागे भौतिकशास्त्र आहे. त्याच्या पाठीमागच्या कोपऱ्यांवर प्रकाश साधारण ५५ अंशांनी आपटतो. अ‍ॅक्रिलिकच्या मागे हवा असेल तर ४२ अंशांपेक्षा तिरपा पडलेला प्रकाश पूर्णपणे परत फिरतो, म्हणून कोपरे आरशाचे काम करतात. तड्यातून आत पाणी गेले की हीच मर्यादा ६३ अंशांवर जाते आणि प्रकाश परतण्याऐवजी पलीकडे निसटतो. पुढच्या बाजूने पडणाऱ्या पावसाने मात्र फारसे बिघडत नाही. उघड्या मण्यांच्या कापडी पट्टीचे उलट आहे. मण्यांवर पाण्याचा थर बसला की प्रकाश योग्य जागी एकवटत नाही आणि पट्टी भर पावसात, म्हणजे नेमकी गरज असताना, मंदावते. कृष्णाकाठच्या हिवाळी पहाटे दवानेही हेच होते. म्हणून घोट्याच्या पट्ट्यासाठी वरून गुळगुळीत प्लास्टिकचे आवरण असलेला प्रकार निवडावा.

मागचा लाल रिफ्लेक्टर सरळ उभा आहे ना, हेही पाहावे. कॅरिअरला दुधाची किटली किंवा पोते बांधताना तो वाकतो आणि आकाशाकडे तोंड करून बसतो, किंवा लोंबणाऱ्या पिशवीमागे झाकला जातो.

हे सगळे एकदम घ्यायची गरज नाही. रात्रपाळीच्या कामगाराने आधी मागचा दिवा, मग पुढचा, मग घोट्याचे पट्टे आणि त्यानंतर स्पोकच्या नळ्या असा क्रम ठेवावा. क्लासला जाणाऱ्या मुलांचा रस्ता गल्ल्यांचा आणि चौकांचा असल्यामुळे त्यांच्यासाठी चाकाचा दिवा मी घोट्याच्या पट्ट्याआधी घेईन. शिवाय मुले तो आवडीने लावतात, हाही एक हिशेब आहेच. पहाटे लांबवर जाणाऱ्यांनी चाकाच्या दिव्यावर खर्च करण्यापेक्षा मागच्या दिव्याची जोडी घ्यावी आणि टायर बदलायची वेळ येईल तेव्हा परावर्तक पट्टीचे टायर बसवावेत.

खरेदीनंतर एखाद्या रात्री अंधाऱ्या, मोकळ्या जागेत आपली सायकल घरच्या कोणाला तरी चालवायला द्यावी आणि आपण मोटारसायकलचा डिप्पर लावून पन्नास पावलांवर उभे राहावे. सायकल एकदा पाठमोरी, एकदा समोरून आणि एकदा आडवी जाऊ द्यावी. आडवी जाताना डिप्पर बंद करूनही पाहावे, म्हणजे दिवा किती काम करतो आणि रिफ्लेक्टर किती, ते वेगवेगळे कळते. जी बाजू काळी राहील तिथे उरलेली पट्टी चिकटवावी.